अमेरिकेत शंभरातले ४३ जण म्हणतात आम्ही कुठल्याच पक्षाचे नाही, तरी जिंकतात तेच दोघे?

घोडबंदरकर
नमस्कार मंडळी. धागा राजकारणाचा आहे पण आपल्या इथल्या पक्षांचा नाही, त्यामुळे युती-आघाडीची उणीदुणी इथे नकोत, महापालिका निवडणुकीचा धागा अजून पेटलेलाच आहे तिकडे जा.

माझी भाची कोलोरॅडोत असते, आता तिकडची नागरिक झालीय. परवा फोनवर बोलताना कळलं की तिने मतदार नोंदणी करताना पक्षाच्या रकान्यात कुठलाच पक्ष निवडला नाही, आणि तरी प्रायमरीच्या वेळी (पक्षाचा उमेदवार ठरवायला आधी होते ती निवडणूक) तिच्या घरी पोस्टाने दोन्ही पक्षांच्या मतपत्रिका आल्या. दोन्ही! त्यातली कुठली तरी एकच भरून परत पाठवायची, दोन्ही पाठवल्या तर दोन्ही बाद. मला तर मतदार नोंदणीच्या फॉर्मवर पक्षाचा रकाना असतो हेच पचायला वेळ लागला, आपल्याकडे फॉर्म ६ भरून घेताना कुणी विचारलं असतं की काका तुम्ही कुणाचे, तर तिथेच जुंपली असती.

मग वाचत बसलो. गॅलप ही सर्वेक्षण संस्था लोकांना सतत विचारत असते की तुम्ही स्वतःला काय समजता. २०२४ ची वर्षभराची सरासरी: इंडिपेंडंट ४३ टक्के, रिपब्लिकन २८, डेमोक्रॅट २८. म्हणजे सगळ्यात मोठा पक्ष बिनपक्षवाल्यांचा! आणि शंभर जणांच्या सिनेटमध्ये (त्यांच्या संसदेचं वरचं सभागृह) पक्षाविना निवडून आलेले किती तर दोन, व्हरमाँटचे बर्नी सँडर्स आणि मेनचे अँगस किंग, ते दोघेही बसतात डेमोक्रॅट्सच्याच बाजूला. राष्ट्राध्यक्ष पक्षाशिवाय झालेला एकच, जॉर्ज वॉशिंग्टन, त्याने १७९६ मध्ये जाता जाता पक्षबाजीपासून सावध राहा असं लिहून ठेवलं होतं आणि कुणी ऐकलं नाही.

तर प्रश्न साधा आहे, एवढे लोक दोघांनाही कंटाळलेत तर तिसरा का येत नाही? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

कोपरीचा_पक्या
पहिला!
आपल्याकडे अपक्ष म्हणजे ज्याला तिकीट मिळालं नाही तो. फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत पक्षनिष्ठ, तीननंतर जनतेचा उमेदवार. बाकी चालू द्या.

वाशीची_वर्षा
वाचतेय.

नौपाडा_ते_फिली
धागा आवडला. मी मूळ नौपाड्यातला, बरीच वर्षं फिलाडेल्फियाच्या बाजूला राहतो, आणि त्या ४३ मधला एक आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी त्या ४३ च्या आकड्याला फार भुलू नका. गॅलपवाले पुढचा प्रश्न विचारतात की बरं, इंडिपेंडंट आहात, पण त्यातल्या त्यात झुकता कुठे? २०२४ मध्ये तो झुकाव धरला तर रिपब्लिकन ४६ आणि डेमोक्रॅट ४५ होतात, म्हणजे कुठेच न झुकणारे शंभरात दहासुद्धा उरत नाहीत. आणि इथल्या राज्यशास्त्रवाल्यांचं खूप जुनं निरीक्षण आहे की हे झुकणारे मत देताना जवळपास पक्षाच्या सभासदांसारखेच वागतात.

पण म्हणून हा सगळा फुगा आहे असंही नाही, कारण राष्ट्राध्यक्षाची निवडणूक इथे फार थोड्या मतांवर फिरते. २०१६ ला मिशिगन १०,७०४ मतांनी गेलं. २०२० ला ॲरिझोना १०,४५७ आणि जॉर्जिया ११,७७९. एवढी मतं आपल्या इथल्या एका प्रभागात इकडची तिकडे होतात हो! त्यामुळे ते खरे बिनझुकावाचे दहाच्या आतले लोक, त्यातले जे मतदानाला जातात (बरेच जातच नाहीत, हेही लिहून ठेवा), त्यांच्यासाठी दोन्हीकडून अब्जावधी डॉलर्सच्या जाहिराती चालतात. माझ्या राज्यात निवडणुकीच्या वर्षी ऑक्टोबरात टीव्ही लावायची सोय नसते, पत्रपेटीत बिलं कमी आणि उमेदवारांची पत्रकं जास्त.

सीवूड्स_संध्या
@नौपाडा_ते_फिली म्हणजे शेवटी सगळे कुठे ना कुठे झुकतातच ना? मग स्वतःला इंडिपेंडंट म्हणवून घ्यायचं कशाला, ही शुद्ध स्टाइल झाली. मतदान ठरलेल्या चिन्हाला आणि तोंडाने "मी काही कुणाचा नाही". असले लोक आमच्या सोसायटीत प्रत्येक मजल्यावर आहेत.

कोपरीचा_पक्या
आमचे दादा "मी क्रिकेट बघत नाही" म्हणतात आणि दर ओव्हरला आतून ओरडून स्कोअर विचारतात, तसं.

नौपाडा_ते_फिली
हाहा पक्या, दादांना नमस्कार सांग.
संध्याताई, स्टाइल आहेच थोडी. इथे चारचौघात पक्षाचं नाव घेतलं की समोरचा लगेच तुमच्यावर अख्खी यादी चिकटवतो, बंदूक, गर्भपात, इमिग्रेशन, सगळ्यावर तुमचं मत काय असणार ते तुम्ही तोंड उघडायच्या आधीच त्याला माहीत असतं, मग लोक म्हणतात नकोच ते. पण दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते मला. यातले पुष्कळ जण आपल्या बाजूवर प्रेम म्हणून मत देत नाहीत, समोरचा येऊ नये म्हणून देतात. पक्षाला वर्गणी द्यायची नाही, झेंडा लावायचा नाही, प्रचाराला जायचं नाही, फक्त नोव्हेंबरात नाक दाबून बटण दाबायचं. अशा माणसाला पक्षाने गृहीत धरलं की तो पुढच्या वेळी घरी बसतो, आणि हे घरी बसणं पक्षांना जास्त महागात पडतं.

ऐरोलीकर
जो इंडिपेंडंट मतदार जिंकतो तो निवडणूक जिंकतो असं टीव्हीवर सारखं ऐकायला येतं. सोपं गणित आहे.

नौपाडा_ते_फिली
@ऐरोलीकर इतकं सोपं नाहीये ते. २०२० ला बायडेनना इंडिपेंडंट लोकांत मोठी आघाडी होती आणि ते जिंकले, बरोबर. पण २०१२ च्या एक्झिट पोलमध्ये इंडिपेंडंट मतदारांत रिपब्लिकन रॉम्नी डेमोक्रॅट ओबामांच्या पुढे होते, निवडणूक ओबामांनी जिंकली. २०२४ ला कमला हॅरिस थोड्या फरकाने पुढे होत्या, जिंकले ट्रम्प. आपला गड नीट बाहेर पडला नाही तर कुंपणावरच्यांनी कितीही साथ दिली तरी पुरत नाही. शिवाय एखादा पक्षावर चिडलेला माणूस आज स्वतःला इंडिपेंडंट सांगतो आणि मत तिथेच देतो, मग त्या वर्षी "इंडिपेंडंट" गट आपोआप त्या बाजूला झुकलेला दिसतो. दर निवडणुकीत त्या डब्यातली माणसंच बदललेली असतात.

बेलापूरचे_मास्तर
चर्चा चांगली चालली आहे, निवृत्त माणसाला सवड असते म्हणून मूळ प्रश्नाकडे येतो, तिसरा का येत नाही.

मॉरिस द्युव्हर्जे नावाचे फ्रेंच राज्यशास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांचं म्हणणं असं की एका मतदारसंघातून एकच माणूस निवडायचा आणि ज्याला सगळ्यात जास्त मतं तो विजयी, अशी पद्धत असली की हळूहळू दोनच पक्ष उरतात, कारण तिसऱ्याला दिलेलं मत वाया जाईल या भीतीने लोक नावडत्या दोघांपैकी कमी नावडत्याकडे जातात. त्यात अमेरिकेत राष्ट्राध्यक्षासाठी इलेक्टोरल कॉलेज, म्हणजे प्रत्येक राज्याची ठरावीक मतं आणि त्यांच्या बेरजेवर निकाल, तिथे दोन राज्यं सोडली तर राज्यात जो पुढे त्याला राज्याची सगळी मतं.

याची दोन उदाहरणं शेजारी ठेवून बघा. १९९२ साली रॉस पेरो नावाचे अब्जाधीश अपक्ष उभे राहिले, देशभरात जवळजवळ १९ टक्के मतं घेतली. इलेक्टोरल मतं किती? शून्य. १९६८ साली जॉर्ज वॉलेस, वंशविद्वेषी राजकारणाचा माणूस, त्याला मतं पेरोंपेक्षा कमी, साडेतेरा टक्के, पण ती दक्षिणेत एका ठिकाणी साठलेली होती म्हणून पाच राज्यं आणि ४६ इलेक्टोरल मतं मिळाली. पेरोंना देशभर थोडी थोडी मिळाली आणि कुठेच पहिला नंबर आला नाही. आजचे ४३ टक्के पेरोंच्याही पेक्षा पसरलेले आहेत, आणि ते एकमेकांशी सहमतही नाहीत. एकाला कर कमी हवेत म्हणून तो रिपब्लिकनांवर नाराज, दुसऱ्याला सरकारी आरोग्यसेवा हवी म्हणून तो डेमोक्रॅट्सवर नाराज. या दोघांचा मिळून पक्ष काढून दाखवा.

आपल्याकडे पद्धत तीच असून पक्ष इतके का, असं कुणी विचारेल. कारण आपले प्रादेशिक पक्ष वॉलेसप्रमाणे एका पट्ट्यात साठलेले असतात (तुलना फक्त भूगोलाची आहे, अंगावर येऊ नका). आणि तरी शेवटी महाराष्ट्रात २०२४ ला सहा मोठे पक्ष दोन तंबूंत उभे राहिलेच ना.

पाचपाखाडी_पोरगी
मास्तर, मस्त समजावलंत. मग २००० साली ते फ्लोरिडाचं काय झालेलं, कुणीतरी तिसऱ्यामुळे हरला असं वाचलेलं.

बेलापूरचे_मास्तर
राल्फ नेडर. ग्रीन पक्षाचे होते, अगदी अपक्ष नव्हे, पण मुद्दा तोच. फ्लोरिडात रिपब्लिकन बुश आणि डेमोक्रॅट गोर यांच्यात अधिकृत फरक ५३७ मतांचा, नेडर यांना तिथे ९७ हजारांवर मतं. त्यातले निम्मे घरीच बसले असते असं धरलं तरी उरलेल्यांतले बहुतेक गोर यांच्याकडे गेले असते असा हिशोब लोक मांडतात. तेव्हापासून तिसऱ्या उमेदवाराला "मतं खाणारा" ही शिवी कायमची चिकटली. आपल्याला हा शब्दप्रयोग नवा नाहीच.

कोपरीचा_पक्या
मास्तर, आपल्याकडे तर मतं खायला मुद्दाम उभं करतात, एकाच नावाचे तीन तीन.

घोडबंदरकर
पक्या 😄
मास्तर आणि फिलीकर, मनापासून आभार. एक शंका, आपल्याकडे तिकीट कापलं की बंडखोर अपक्ष उभा राहतो आणि कधीकधी पक्षालाच पाणी पाजतो. १९९५ च्या विधानसभेत ४५ अपक्ष आले होते, बरेचसे काँग्रेसचे बंडखोर, त्यांच्याच टेकूवर युतीचं पहिलं सरकार आलं. आपल्या जिल्ह्यात २०१९ ला मीरा-भाईंदरमधून गीता जैन पक्षाचं तिकीट नसताना जिंकल्या. अमेरिकेत प्रायमरी हरलेला असं का करत नाही?

नौपाडा_ते_फिली
@घोडबंदरकर करू देत नाहीत! बहुतेक राज्यांत कायदाच आहे, "सोअर लूझर लॉ" म्हणतात, प्रायमरी हरलात तर त्याच निवडणुकीत अपक्ष म्हणून मतपत्रिकेवर नाव येणार नाही. पक्षांनी राज्याराज्यांत स्वतःची सोय करून ठेवलेली आहे. जिथे फट आहे तिथे गंमत होते. कनेक्टिकटला हा कायदा नाही, तर २००६ मध्ये जो लिबरमन डेमोक्रॅट प्रायमरी हरले आणि नोव्हेंबरात स्वतंत्र उभे राहून सिनेटवर निवडून आले. अलास्कात २०१० ला लिसा मर्कोव्स्की रिपब्लिकन प्रायमरी हरल्या, छापील नाव मिळणार नव्हतं, तर लोकांनी मतपत्रिकेवर हाताने नाव लिहायचं अशी मोहीम काढली. आडनाव लिहायला अवघड, स्पेलिंग शिकवायची मोहीम वेगळी! आणि जिंकल्या.

यातून माझा मुद्दा एकच. किती लोक स्वतःला इंडिपेंडंट म्हणतात त्याने फार फरक पडत नाही, प्रायमरीच्या दारात त्यांना आत घेतात की नाही याने पडतो. बहुतेक मतदारसंघ आता असे झालेत की तिथे कोण जिंकणार ते आधीच ठरलेलं, काही लोक आपापल्या माणसांच्या शेजारी राहायला गेल्यामुळे आणि काही सीमा तशा आखल्यामुळे. म्हणजे खरी निवडणूक प्रायमरीत होते, नोव्हेंबरात नुसता शिक्का. आणि पेनसिल्व्हेनियात प्रायमरी बंद आहे, नोंदणी केलेल्या पक्ष सदस्यांनाच मत. मी कर भरतो, त्या प्रायमरीचा खर्च माझ्या करातून होतो, आणि मला तिथे जाऊन फार तर एखाद्या सार्वमताच्या प्रश्नावर हो-नाही करता येतं. घोडबंदरकरांच्या भाचीला घरबसल्या दोन्ही पक्षांचं आमंत्रण आणि मला दारावर "सभासद नाही, बाहेर थांबा".

सीवूड्स_संध्या
पण मला पक्षांचं पटतंय. पक्षाचा उमेदवार पक्षाच्या लोकांनी निवडावा, तुम्ही वर्गणी देत नाही, काम करत नाही, आणि उमेदवार निवडायला मात्र हजर? समोरच्या पक्षाचे लोक मुद्दाम येऊन कच्चा उमेदवार निवडून देतील. आपल्याकडे तर कार्यकर्त्यालाही विचारत नाहीत, यादी वरून येते, ते वेगळं.

वाशीची_वर्षा
"यादी वरून येते" +१११
फॉर्म भरायची मुदत संपत येईपर्यंत इच्छुकांना माहीत नसतं आपण कुठल्या पक्षातून उभे आहोत.

नौपाडा_ते_फिली
संध्याताई, रास्त मुद्दा आहे, इथे कोर्टात पक्षांनी हाच मांडला आणि काही वेळा जिंकलेही. पण मग पक्षाने स्वतःच्या खर्चाने करावं ना. आणि बंद दाराचा परिणाम असा की आत जे कट्टर आहेत तेच ठरवतात. मधला माणूस नोव्हेंबरात येतो तेव्हा त्याच्यासमोर दोन टोकं ठेवलेली, मग तो म्हणतो दोघंही नकोत आणि पुढच्या वर्षी गॅलपला "इंडिपेंडंट" सांगतो. म्हणजे बंद प्रायमरी इंडिपेंडंट तयार करते आणि त्यांनाच बाहेर ठेवते.

काही राज्यांनी बदललं. कोलोरॅडोत २०१६ ला लोकांनीच जनमताने दार उघडलं. न्यू मेक्सिकोने २०२५ मध्ये कायदा केला. अलास्काने २०२० मध्ये सगळ्यांची एकच प्रायमरी केली, त्यातले पहिले चार पुढे, मग लोकांनी पसंतीक्रम लावायचा. २०२२ ला त्या पद्धतीतून रिपब्लिकन सारा पेलिन हरल्या आणि डेमोक्रॅट मेरी पेल्टोला आल्या, तेही अलास्कातून! कॅलिफोर्नियाची गोष्ट तर तुम्हा लोकांना फार आवडेल. २००९ ला तिथे बजेट पास व्हायला एक मत कमी पडत होतं, एबल माल्डोनाडो नावाच्या राज्याच्या सिनेटमधल्या रिपब्लिकनाने मत दिलं आणि बदल्यात ओपन प्रायमरीचा प्रस्ताव जनमताला टाकायला लावला. २०१० मध्ये तो पास झाला.

कोपरीचा_पक्या
याला म्हणतात भाव लावणं. ९५ च्या आपल्या ४५ जणांना हे सुचलं असतं तर.

बेलापूरचे_मास्तर
पक्या, त्यांना सुचलं होतं, वेगळं सुचलं होतं.

फिलीकर, एक बाजू राहिली. २०२४ ला कोलोरॅडो, आयडाहो, नेवाडा, ओरेगन अशा राज्यांत खुली प्रायमरी किंवा पसंतीक्रमाचे प्रस्ताव लोकांसमोर गेले आणि लोकांनीच पाडले. अलास्कातली पद्धत रद्द करायचा प्रस्ताव हजाराच्या आतल्या मतांनी फेटाळला गेला, म्हणजे जेमतेम वाचली. मग त्या ४३ टक्क्यांना तरी हा बदल हवाय का? माझा संशय असा की लोकांना पक्ष आवडत नाहीत पण मतपत्रिका गुंतागुंतीची झालेली त्याहून आवडत नाही.

पाचपाखाडी_पोरगी
मास्तर हे पटलं कारण १५ जानेवारी २०२६ ला मी पहिल्यांदा महापालिकेला मतदान केलं तर चार बटणं! आमच्या बूथवर निम्म्या लोकांना माहीतच नव्हतं की अ ब क ड चारही ठिकाणी वेगवेगळ्या पक्षाला देता येतं. पक्षाचे लोक बाहेर सांगत होते "चारही आपलेच", म्हणजे पॅनल टू पॅनल. मी दोन एका पक्षाला, एक दुसऱ्याला आणि एक अपक्ष बाईंना दिलं, आमच्या नाल्याच्या मागे त्याच फिरतात. घरी सांगितलं तर बाबा म्हणाले मत फुकट घालवलंस. 🙄

ऐरोलीकर
आमच्या नवी मुंबईत आधी एक वॉर्ड एक नगरसेवक होता, तेव्हा अपक्षाला चान्स होता, चार बिल्डिंगा आणि एक गाव सांभाळलं की झालं. आता चारचा प्रभाग, १११ जागांचे २८ प्रभाग केलेत, एवढ्या मोठ्या एरियात एकट्या माणसाने पत्रकं वाटायची कशी. पॅनल आणलं की अपक्ष संपला. बरोबर आहे फिलीकरांचं, सगळा खेळ नियमात आहे.

सीवूड्स_संध्या
ऐरोलीकरांशी चक्क सहमत, तारीख लिहून ठेवा.
आणि नोटाचं विसरलात सगळे. महाराष्ट्रात स्थानिक निवडणुकीत नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तर निवडणूक पुन्हा घ्यायची असा राज्य निवडणूक आयोगाचा २०१८ चा आदेश आहे. आपल्याकडे "दोघंही नकोत" म्हणायला बटण तरी आहे. २०१९ ला लातूर ग्रामीणमध्ये नोटा दुसऱ्या नंबरवर आलेला.

नौपाडा_ते_फिली
नोटा इथे फक्त नेवाडात आहे, "यापैकी कुणी नाही" असा पर्याय, पण त्याला कितीही मतं पडली तरी पुढचा माणूस जिंकतो, म्हणजे नुसता राग काढायची सोय.

मास्तर, तुमचा संशय मलाही आहे. तरी एक उदाहरण देतो. नेब्रास्कात २०२४ ला डॅन ऑस्बॉर्न नावाचे कामगार नेते सिनेटला अपक्ष उभे राहिले, डेमोक्रॅट्सनी उमेदवारच दिला नाही. पक्क्या रिपब्लिकन राज्यात ते सात टक्क्यांच्या आसपास फरकाने हरले, ट्रम्प तिथे वीस टक्क्यांच्या फरकाने जिंकत असताना. तिथे तिसरा नव्हताच, दोघातला दुसरा हाच अपक्ष होता, म्हणून द्युव्हर्जेसाहेबांचा नियम आडवा आला नाही. मला वाटतं पुढचे अपक्ष असेच येतील, जिथे एक पक्ष इतका मेलाय की त्याने जागा सोडून द्यावी. देशभरचा तिसरा पक्ष वगैरे विसरा, इलॉन मस्कने जुलै २०२५ ला अमेरिका पार्टीची घोषणा केली, तेवढा पैसा असून गाडं हललं नाही.

घोडबंदरकर
धागा सार्थकी लागला. फिलीकर, मग तुम्ही स्वतः काय करताय? बाहेरच थांबताय?

नौपाडा_ते_फिली
नाही ना. आमच्याकडे प्रायमरी खुली करायची बिलं येतात आणि अडकतात, कारण ती पास करायची त्यांनी जे बंद प्रायमरीतून निवडून आलेत, आणि कोलोरॅडोसारखं लोकांनी सह्या गोळा करून जनमत लावायची सोय पेनसिल्व्हेनियात नाही. म्हणून मी आणि बायकोने तोडगा काढलाय. पंधरा दिवस आधीपर्यंत नोंदणी बदलता येते, तर यंदा एकाने एका पक्षात नाव घातलं, दुसऱ्याने दुसऱ्या. दोन्हीकडचे उमेदवार घरी चर्चा करून ठरवतो.

सीवूड्स_संध्या
भारी! पण कुणी कुठल्या पक्षात जायचं हे कसं ठरलं?

नौपाडा_ते_फिली
ठरलं कसलं, तिने फॉर्म आधी भरला. मला उरलेला पक्ष.